आमच्या ऑफिसचं दप्तर मार्गी लागलं, त्याचा हा अनुभव

गेल्या जूनमध्ये आमच्या कंपनीच्या रेकॉर्डचं काम माझ्याकडे आलं. आता पुन्हा जून लागलाय आणि काम बऱ्यापैकी रुळावर आलंय. कंपनी मध्यम आकाराची, यंत्रांचे सुटे भाग बनवणारी. मी तिथे प्रशासन बघते. दप्तर सांभाळण्याचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. सुरुवातीला बरंच वाचलं, पण हाती लागलं ते एकतर मोठ्या अभिलेखागारांसाठी लिहिलेलं असायचं, नाहीतर सॉफ्टवेअर विकणाऱ्यांनी. रोजचं काम सांभाळून हे कोणत्या क्रमाने करायचं, ते कुणी सांगितलेलं मिळालं नाही. तुमच्यावर अशी जबाबदारी नुकतीच आली असेल आणि कुठून सुरुवात करावी ते कळत नसेल, तर हे वाचा.

निमित्त साधं होतं. एका ग्राहकाला काही वर्षांपूर्वी पुरवलेल्या मालाचा तपासणी अहवाल आणि पोच म्हणून सही झालेलं चलन हवं होतं. कागद ऑफिसातच आहेत याबद्दल कुणालाच शंका नव्हती. नेमके कुठे आहेत, हे मात्र एकाच माणसाला माहीत होतं, आणि ते काका निवृत्त झाले होते. त्यांना फोन केला. त्यांनी बसल्या जागी सांगितलं, "जिन्याखालचं कपाट, वरून दुसरा कप्पा, डाव्या हाताला बघ." कागद तिथेच निघाले. सगळ्यांनी काकांच्या स्मरणशक्तीचं कौतुक केलं. मला मात्र धडकी भरली. कंपनीचं निम्मं दप्तर काकांच्या डोक्यात होतं आणि काका आता घरी होते.

काम सुरू करण्याआधी मी संचालकांच्या सहीचं एक पानी पत्र मागून घेतलं. हे करायला विसरू नका. त्यात तीन गोष्टी होत्या: या कामाची जबाबदारी कुणाची, प्रत्येक विभागाने आपली कपाटं आणि संगणकावरचे फोल्डर दाखवायचे, आणि नवे नियम ठरेपर्यंत कुणीही काहीही फाडायचं, रद्दीत द्यायचं किंवा डिलीट करायचं नाही. तिसरा मुद्दा सगळ्यात मोलाचा. आवराआवर होणार म्हटलं की लोक उत्साहाने साफसफाईला लागतात आणि नेमकं नको ते जातं. पत्राच्या मसुद्यावर प्रत्येक विभागप्रमुखाला काहीतरी बदल हवा होता, त्यात जून संपला. तेवढा वेळ धरूनच चला.

खर्चाचं इथेच सांगून टाकते. नवीन माणूस मिळाला नाही. प्रत्येक विभागाने एक जण आठवड्यातून अर्धा दिवस द्यायचा असं ठरलं आणि खरा खर्च झाला तो या वेळाचा. रॅक, खोकी, लेबलं, स्कॅनर हे त्यापुढे किरकोळ. सॉफ्टवेअर दाखवायला दोन-तीन कंपन्यांचे लोक येऊन गेले. त्यांना मी सांगितलं, आधी आमचं आम्हाला कळू दे की आमच्याकडे काय आहे आणि ते किती वर्षं ठेवायचंय. मग बघू. आजही आम्ही साधी सामायिक ड्राइव्ह आणि एक स्प्रेडशीट यांवरच चालतोय.

जुलै-ऑगस्ट यादीत गेले. यादी करताना कागद एकेक मोजत बसायचं नाही, प्रकार मोजायचा. 'खरेदी ऑर्डर' ही एक ओळ, 'हजेरीपट' ही एक ओळ, 'यंत्रदुरुस्तीच्या नोंदी' ही एक ओळ. प्रत्येक ओळीपुढे कोण तयार करतं, मूळ प्रत कुणाकडे, कागदावर की संगणकात, नेमकी जागा, कोणत्या सालापासून, रॅकवर किती मीटर लांबी व्यापते, कोणाकोणाला लागतं आणि गोपनीय आहे का, एवढे रकाने. मूळ प्रतीच्या रकान्याने सगळ्यात जास्त वाद घातले. एकाच कराराच्या चार विभागांत चार प्रती आणि प्रत्येकाला वाटतं, मूळ आपल्याकडे आहे. सह्या तपासून मूळ कोणती ते ठरवलं आणि उरलेल्या प्रतींवर 'सोयीची प्रत' असा शिक्का मारला. या प्रती काम झालं की टाकता येतात. नुसत्या या शिक्क्याने पुढे बरीच जागा मोकळी झाली.

याच काळात एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली ती विसरणार नाही. लेखा विभागातल्या ताईंनी प्रवासखर्चाच्या व्हाउचरांचा जुना गठ्ठा सोडला. प्रत्येक व्हाउचरला प्लॅस्टिकचा पारदर्शक खिसा आणि त्यात पावती, अगदी निगुतीने लावलेली. वरच्या पावत्यांवर राखाडी अक्षरांची पुसट सावली होती. खालच्या पावत्या पूर्ण कोऱ्या. कागद शाबूत, टाचणीची भोकं शाबूत, पण त्यावर एक अक्षर नाही. छोट्या मशिनमधून येणाऱ्या या पावत्यांवर शाई नसतेच. उष्णतेने काळा पडणारा थर असतो, आणि ऊन, उष्णता, शिवाय काही मऊ प्लॅस्टिकमधली रसायनं यांनी तो उडून जातो. ताईंनी कुठेही हयगय केली नव्हती, तरी कागद गेले. आता अशी पावती आली की त्याच दिवशी स्कॅन होते. तुमच्याकडे असे गठ्ठे असतील तर हे वाचून झाल्यावर आधी तेच उघडून बघा.

लोकांना यादी म्हणजे आपली तपासणी वाटते, हेही लक्षात ठेवा. गोदामातले दादा कपाटाची किल्ली द्यायला आठवडाभर टाळाटाळ करत होते. त्यांना वाटलं, गबाळेपणा वर कळवला जाईल. मग मी किल्लीचा विषयच सोडला आणि विचारलं, "दादा, तुम्हाला कागद लगेच कसा सापडतो?" ते खुलले. त्यांनी सगळं पुरवठादाराच्या नावाने न लावता माल उतरल्याच्या तारखेने लावलं होतं, कारण तक्रार येते तेव्हा तारीखच माहीत असते. पुढे गोदामासाठी आम्ही तीच पद्धत कायम ठेवली.

सप्टेंबरपासून खरं अवघड काम सुरू झालं: कोणतं रेकॉर्ड किती वर्षं ठेवायचं, याचा तक्ता. मला विचाराल तर सगळ्या प्रकरणाचं मर्म यात आहे. काय टाकायचं हे ठरत नाही तोवर नीट ठेवता काहीच येत नाही, कारण महत्त्वाचा करार आणि गेल्या वर्षीच्या सहलीचं पत्रक एकाच मापाने जागा अडवून बसतात. विभागप्रमुखांना विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एकच, "राहू द्या, कधीतरी लागेल." मी पुढचा प्रश्न विचारायला लागले, "शेवटचं कधी लागलं होतं आणि कशासाठी?" या प्रश्नावर माणूस खरंच विचार करतो. 'कायमस्वरूपी' म्हणून सुरुवातीला आलेली यादी शेवटी अगदी आटली. स्थापनेचे कागद, संचालक मंडळाची इतिवृत्तं, मालमत्तेचे दस्तऐवज आणि अशाच थोड्या गोष्टी उरल्या.

मुदती कायद्याने ठरतात आणि कायदा देशागणिक, व्यवसायागणिक वेगळा असतो. दुसऱ्या कंपनीचा तक्ता उचलू नका. आपल्या लेखापरीक्षकांना आणि वकिलांना विचारा. पण कोरा प्रश्न पाठवलात तर तो त्यांच्या टेबलावर पडून राहतो. आमचाही राहिला. मग आम्ही आमच्या समजुतीप्रमाणे मुदत भरून तक्ता पाठवला, तेव्हा तो लाल खुणांसकट परत आला. दुरुस्त करायला माणूस वेळ काढतो. तरीही नोव्हेंबर उजाडलाच.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक तक्त्यांत सुटते: वर्षं मोजायची कुठून? कराराची मुदत सही झाल्यापासून मोजायची नसते, करार संपल्यापासून मोजायची. कर्मचाऱ्याची फाइल तो नोकरी सोडतो तेव्हापासून, यंत्राची कागदपत्रं ते यंत्र मोडीत निघतं तेव्हापासून, बिलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून. म्हणून तक्त्यात 'किती वर्षं' याच्या शेजारी 'कधीपासून' हा रकाना हवाच. आणि या सगळ्यावर एक नियम: वाद, कोर्टकचेरी किंवा चौकशी चालू असेल, किंवा होण्याची चिन्हं असतील, तर त्यासंबंधीचं काहीही मुदत संपली तरी नष्ट करायचं नाही. अशा फायलींना आम्ही लाल पट्टी लावतो आणि ती काढायचा अधिकार फक्त वकिलांच्या लेखी पत्राला आहे.

उलट बाजूही आहे. निवड न झालेल्या उमेदवारांचे अर्ज, जुन्या कर्मचाऱ्यांचे वैद्यकीय कागद, ओळखपत्रांच्या झेरॉक्स हे सगळं वर्षानुवर्षं बाळगणं धोक्याचं आहे. युरोपात २०१८ च्या मे महिन्यापासून लागू झालेल्या जीडीपीआर या कायद्यात स्पष्ट म्हटलंय की व्यक्तिगत माहिती ज्या कारणासाठी घेतली, त्याला लागते त्याहून जास्त काळ ठेवू नये. त्या कायद्याच्या कक्षेत आपण येत नसलो तरी हे तत्त्व धरण्याजोगं आहे. ती कागदं आपली नसतात, त्या माणसांची असतात.

वाचनात मला सर्वाधिक उपयोग झाला तो रेकॉर्ड सांभाळण्यासाठीच्या आयएसओ १५४८९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा. २००१ साली आलं, २०१६ मध्ये सुधारलं गेलं. त्यात चांगल्या रेकॉर्डची चार लक्षणं सांगितली आहेत: ते अस्सल असावं, विश्वासार्ह असावं, मध्ये कुणी फेरफार केलेला नसावा आणि गरज पडेल तेव्हा सापडून वाचता यावं. चौथं लक्षण मी आमच्या रेकॉर्ड रूमच्या दारावर लिहून लावलंय.

तक्त्यावर डिसेंबरात सह्या झाल्या आणि जानेवारीत मुदत संपलेलं रेकॉर्ड नष्ट केलं. त्यासाठी एक फॉर्म केला: प्रकार, कोणत्या वर्षांचं, खोक्याचा नंबर, तक्त्यातली ओळ, लाल पट्टी नाही ना याची तपासणी, आणि दोन सह्या, विभागप्रमुखाची आणि माझी. कागद बाहेरच्या एजन्सीकडून कापून घेतले, आमचा माणूस समोर उभा राहिला आणि एजन्सीकडून नष्ट केल्याचं प्रमाणपत्र घेतलं. कागद तर संपला, पण तो नियमाप्रमाणे संपला याचा हा फॉर्म आणि प्रमाणपत्र आम्ही कायम ठेवतो. श्रेडर घेणार असाल तर नुसत्या लांब पट्ट्या कापणारा घेऊ नका, त्या पट्ट्या जुळवता येतात. डीआयएन ६६३९९ या जर्मन मानकात कागदाचे तुकडे किती बारीक व्हावेत याचे पी-१ ते पी-७ असे दर्जे आहेत, आकडा मोठा तसा तुकडा बारीक. व्यक्तिगत माहितीच्या कागदांना आम्ही पी-४ धरला, म्हणजे एकेक तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटरचा. त्या दिवशी काही जुन्या सहकाऱ्यांना वाईट वाटलं. वीस-वीस वर्षं जपलेली खोकी होती ती. मलाही आत कुठेतरी हललं, पण त्या संध्याकाळी रेकॉर्ड रूममध्ये दोन माणसं शेजारी-शेजारी उभी राहू शकत होती.

राहिलेल्याची मांडणी पटकन सांगते. खोक्यावर फक्त नंबर, आत काय आहे ते नोंदवहीत. संगणकावर फाइलच्या नावाची सुरुवात तारखेने, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. दीर्घकाळ ठेवायच्या फायली पीडीएफ-ए या स्वरूपात. २००५ पासून हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि त्यात अक्षरांचे फाँटसुद्धा फाइलच्या आतच साठवलेले असतात, त्यामुळे पुढे दुसऱ्या संगणकावर पान बदलत नाही.

फेब्रुवारीत प्रशिक्षण. सगळ्यांना सभागृहात बसवून स्लाइड दाखवायच्या नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. विभागवार छोटे गट केले आणि प्रत्येक गटाला त्यांच्याच कपाटासमोर उभं केलं. तासाभराचं सत्र. पहिली दहा मिनिटं तक्त्यातल्या फक्त त्यांच्या ओळी. उरलेल्या वेळात चिठ्ठ्या: 'अमुक ग्राहकाचा दोन वर्षांपूर्वीचा तपासणी अहवाल काढा.' शोधणारा माणूस दुसऱ्या विभागातला घ्यायचा आणि मी गप्प उभी राहायची. या गप्प उभं राहण्यातून मी जेवढं शिकले तेवढं कशातूनच नाही. खरेदीतल्या एका मुलाने पुरवठादाराचं रोजच्या बोलण्यातलं छोटं नाव टाकून शोधलं आणि काहीच मिळालं नाही, कारण फाइलवर कंपनीचं नोंदणीकृत नाव होतं. मग नोंदवहीत 'बोलीतलं नाव' असा रकाना वाढवला.

प्रशिक्षण एकदा देऊन संपत नाही. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात त्याच्या विभागाचं सत्र होतं. नोकरी सोडणाऱ्याकडून अखेरच्या हिशोबाआधी हस्तांतरणाचा कागद घेतो: कोणत्या फायली, कोणते फोल्डर, कोणते पासवर्ड, आणि तुम्हालाच माहीत असलेलं आणखी काय. शेवटच्या प्रश्नापुढे मुद्दाम अर्धं पान कोरं सोडलंय. सवयी लागायला वेळ लागला. मधल्या काळात 'फायनल नवीन' नावाच्या फायली पुन्हा दिसायला लागल्या, की चिडायचं नाही. त्या माणसाच्या शेजारी बसून नाव बदलून घ्यायचं.

मार्चपासून आपत्तीचा आराखडा. इथे तक्त्याचं खरं फळ मिळालं. आग लागली किंवा पाणी शिरलं तर सगळं वाचवता येत नाही. आधी काय उचलायचं, हे फक्त ज्याने निवड केली आहे तोच सांगू शकतो. आम्ही प्रश्न असा ठेवला: उद्या इमारत वापरता आली नाही, तर काम पुन्हा सुरू करायला आणि आपले हक्क सिद्ध करायला कोणते कागद लागतील? चालू करार, येणं-देणं, पगाराच्या नोंदी, विमा पॉलिसी, उत्पादनांची ड्रॉइंग. ही यादी एका पानात बसली.

१२ जुलै १९७३ रोजी अमेरिकेत सेंट लुइस इथल्या सरकारी कर्मचारी अभिलेख केंद्राला आग लागली आणि सैनिकांच्या सुमारे एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली जळाल्या. त्या मजल्यावर आग लागताच पाणी फवारणारे स्प्रिंकलर नव्हते. फायलींच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या आणि कोणत्या फायली होत्या याची सूचीही नव्हती. भिजलेल्या फायली वाळवायला अंतराळ मोहिमांच्या चाचण्यांसाठी बांधलेला निर्वात कक्ष वापरावा लागला. दुसरी प्रत आणि यादी, या दोन गोष्टी करणं आपल्या हातात असतं.

मग मी आणि देखभालीतले दादा टॉर्च घेऊन इमारत फिरलो. रेकॉर्ड रूमच्या छतातून पाण्याचा पाइप जात होता, त्याखालचे रॅक हलवले. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून पंधरा सेंटिमीटर वर घेतला. अग्निरोधक कपाट घेताना एक गोष्ट नीट वाचा. कागदासाठीचं कपाट आतलं तापमान १७७ अंश सेल्सिअसखाली ठेवण्याची हमी देतं, कागद तेवढ्यात टिकतो. पण हार्ड डिस्क किंवा चुंबकीय टेप त्याच्या किती तरी आधी खराब होते. संवेदनशील माध्यमांसाठीच्या कपाटांची मर्यादा ५२ अंशांची असते. म्हणजे कागदाच्या कपाटात बॅकअपची डिस्क ठेवून निर्धास्त राहता येत नाही.

बॅकअपचा नियम आम्ही तीन-दोन-एक असा धरला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. त्यातली एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली, कारण खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या सगळ्या डिस्क कुलूपबंद करतो. 'क्लाउडवर आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्ग इथल्या एका डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांची मूळ प्रत आणि बॅकअप दोन्ही तिथेच होते त्यांचं दोन्ही गेलं. बॅकअप कोणत्या जागी आहे, ते लेखी विचारून घ्या. आणि परत आणून बघा. आम्ही दर तिमाहीला एक फोल्डर रिकाम्या संगणकावर रिस्टोर करतो आणि ते काम ज्याने बॅकअप घेतला त्याला देत नाही. पहिल्या वेळी फायली आल्या, पण त्या उघडणारा जुना हिशोबाचा प्रोग्राम कुणाकडेच नव्हता. तो शोधून, त्याची लायसन्स की कागदावर लिहून ठेवण्यात पुढचे दोन आठवडे गेले.

एप्रिलमध्ये आम्ही पाण्याचा सराव केला. नष्ट करायला मंजूर झालेल्या, गोपनीय नसलेल्या फायली टबात रात्रभर बुडवून ठेवल्या. सकाळी त्या उचलताना सगळ्यांचे चेहरे बदलले. एक बॉक्स फाइल दोन्ही हातांनी उचलावी लागत होती आणि तिचा तळ सुटून कागद खाली आले. लेझर प्रिंट जशीच्या तशी होती, बॉलपेनच्या सह्या बहुतेक टिकल्या होत्या, शाईच्या पेनाने लिहिलेलं निळं पाणी होऊन वाहून गेलं होतं. गुळगुळीत कागदाची माहितीपत्रकं मात्र वाळता-वाळता एकमेकांना अशी चिकटली की सुटेनात. लोकांनी हाताने शिकलेल्या गोष्टी आराखड्यात गेल्या: ओला गठ्ठा उलगडायचा नाही, खालून फळीचा आधार देऊन उचलायचा, मध्ये शोषक कागद घालून तो बदलत राहायचा, पंखा लावायचा, पण थेट कागदावर नाही, आणि साधारण ४८ तासांत बुरशी धरते, त्यामुळे एवढ्यात वाळवणं शक्य नसेल तर गठ्ठे गोठवायचे. गोठवलं की बिघाड थांबतो आणि विचार करायला वेळ मिळतो. भिजलेली हार्ड डिस्क चालू करून बघायची नाही. आणि वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत, आत जायची परवानगी मिळेपर्यंत कुणीही आत पाऊल टाकायचं नाही, फाइल कितीही महत्त्वाची असो. हे वाक्य आराखड्यात सगळ्यात वर, ठळक अक्षरांत आहे.

आराखडा चार पानांचा आहे. फोन नंबर, वीज आणि पाणी बंद करायची जागा, आधी उचलायच्या खोक्यांचे नंबर नकाशासकट, विमा कंपनीला कळवण्याआधी फोटो काढायची सूचना. कागदी प्रत पाच जणांच्या घरी आहे, कारण ऑफिसच बंद असेल तर ऑफिसातली प्रत कामाची नाही.

मोबाइलवरच्या मंजुऱ्यांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. "हो, पाठवून द्या" असा एका ओळीचा मेसेज येतो आणि त्यावर माल निघतो. ती मंजुरी हे रेकॉर्डच आहे, पण ते कुणाच्या तरी खासगी फोनमध्ये राहतं. सध्या नियम असा आहे की अशी मंजुरी मिळाली की त्याच दिवशी ती ईमेलने ऑर्डरच्या फोल्डरमध्ये पाठवायची. विक्रीतले लोक दिवसभर बाहेर असतात, त्यांना ते जमत नाही, आणि त्यांची अडचण खरी आहे. पुढच्या महिन्यात त्यांच्यासोबत बसून दुसरा काही मार्ग निघतो का ते बघणार आहे. तुमच्याकडे यावर काही चालण्याजोगी पद्धत बसली असेल तर जरूर कळवा.